पुठ्ठा

रोज रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवते.
फ्रिजच्या खोक्याचा आहे, 'ही बाजू वर' हा बाण अजून शाबूत.
सकाळी दुधाच्या पिशव्या उचलण्याआधी तो ओढून काढते,
बघते रात्रीत किती गळली.

डाव्या चाकामागे तीन थेंब,
मधला मोठा, कडा फाकलेली.
बॉलपेनने गोल करते. शेजारी तारीख.
एकतीस वर्षं ससूनच्या लॅबमध्ये
काचपट्ट्यांवर हेच केलं,
हाताची खोड जात नाही.

गाडी अठ्ठ्याण्णवची. आठशे. कागदोपत्री चंदेरी.
पीएफमधून पैसे काढून घेतली तेव्हा
थोरले दीर म्हणाले होते, बाईमाणसाला कशाला?
त्यांच्या छातीत कळ आली त्या रात्री हिनेच नेलं,
बिबवेवाडीहून, पहाटे तीनला,
सगळे सिग्नल नुसते पिवळे लुकलुकत.
पुढे त्या विषयावर ते काही बोलले नाहीत.

आता किल्ली फिरवली की
पहिला ढग निळा.
दुसऱ्या मजल्यावरचे सबडे खिडकी लावतात,
आवाज करून लावतात, मला कळावं म्हणून.
सोसायटीच्या फळ्यावर नाव न घेता लिहिलंय:
'हे पार्किंग आहे, तेलाचा घाणा नव्हे.'
अक्षर सबड्यांचं. ऱ्हस्व-दीर्घ निर्दोष.

पद्मावतीला व्हॅनमधला पीयूसीवाला पोरगा
नळी खुपसून म्हणाला, काकू, जरा रेस द्या.
दिली.
त्याने आकडा पाहिला, मग मला, मग परत आकडा.
ओळखीचा चेहरा.
काउंटरवर नातेवाईक उभे असताना
मीही तोच करायचे;
'डॉक्टरांना दाखवा' एवढंच म्हणायची मुभा असे.
तो म्हणाला, मेकॅनिकला दाखवा.

दस्तगीर मुलाणींचं गॅरेज नाना पेठेत,
स्पेअर पार्टच्या दुकानांमागच्या बोळात.
त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. वास घेतला.
डिपस्टिकवरचं तेल चिमटीत चोळून बघितलं.
'निळा म्हणजे तेल जळतंय.
पांढरा असता तर पाणी, काळा असता तर पेट्रोल.
सुरू करताना येतो, का चढाला?'
म्हटलं, सकाळी. आणि कात्रजचा घाट उतरून
परत पाय दाबला की आरशात मागचं जग दिसत नाही.
'शिव्या?'
दोन मोटरसायकलवाले. एक एसटीचा ड्रायव्हर.

प्लग काढले. दाब मोजला. तिसऱ्यात थोडा कमी.
त्या भोकात चमचाभर तेल ओतून पुन्हा मोजला.
काटा होता तिथेच.
'रिंगा ठीक आहेत. दुखणं वर आहे, व्हॉल्व्हकडे.
सीलचं रबर हो, पंचवीस वर्षांनी ताठणारच.'
माझा हात उगाच गुडघ्यावर गेला.

ते नऊ हजार मागत होते. भंगारवाला बावीस देत होता.
बाणेरहून चिन्मय फोनवर म्हणाला, आई, हिशेब सरळ आहे.
हिशेब सरळच होता.
मी नऊ मोजून दिले.

हेड उघडल्यावर त्यांनी बघायला बोलावलं.
तळणाच्या कढईच्या बुडासारखी काजळी,
आणि सहा सील, अंगुस्तानाएवढे,
नखाने दाबले तर तुकडा पडेल असे.
जुने मागून घेतले, हिंगाच्या डबीत घालून आणले.
नमुना फेकवत नाही.

आठ दिवस पुठ्ठा कोरा.
सबड्यांनी जिन्यात गाठून विचारलं,
गाडी विकलीत वाटतं?
नाही म्हटलं. सकाळी तिनेच भाजी आणली.
ते थोडे हिरमुसले.

आज एक थेंब.
मधाच्या रंगाचा, नवं तेल. बोटाला लावून पाहिला.
खालच्या बोल्टचा वॉशर असेल.
नसेलही.
गोल केला, तारीख घातली.
मान वर केली तर खिडकीत सबडे.
पुठ्ठा उलटा करून भिंतीला लावला.
बाण आता जमिनीकडे.